व्हेट टेकचं कॉलेज स्वस्त हवं, पण पुढे पगाराचं काय?

अमेरिकेतल्या मराठी आईबापांचा हा प्रश्न हल्ली वारंवार येतो, मुलीला प्राण्यांमध्येच काम करायचंय, डॉक्टर व्हायचं नाहीये, मग व्हेट टेकला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला मदत करणाऱ्या प्रशिक्षित टेक्निशियनच्या कोर्सला, घालावं का आणि कुठल्या कॉलेजात. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

आई एक्सेल शीट घेऊनच बसली होती. कॉलेजं पगाराच्या उतरत्या क्रमाने लावलेली, सगळ्यात वर एक प्रायव्हेट कॉलेज आणि त्याची फी बघून माझेच डोळे पांढरे झाले. म्हणाली, "ताई, इथले ग्रॅज्युएट्स जास्त कमावतात म्हणजे कॉलेज चांगलंच असणार ना?"

नाही हो, तसं नसतं. ते आकडे होते शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्डवरचे, साइट उत्तम आहे, पण त्यात फक्त सरकारी आर्थिक मदत घेतलेली मुलं मोजतात आणि छोट्या कोर्सचे आकडे प्रायव्हसीसाठी दाखवतच नाहीत, शिवाय महागड्या शहरातल्या कॉलेजचा आकडा फुगलेला दिसतो कारण तिथे सगळ्यांचेच पगार जास्त, खर्चही तसाच. २०२४ च्या सरकारी आकडेवारीत व्हेट टेकचा मध्यम पगार वर्षाला साधारण ४६ हजार डॉलर आहे. दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवर ही लाइन मिळते, पण या पगारात मोठं लोन फेडता फेडता नाकी नऊ येतात. आणि क्लिनिकवाले विचारतात ते लायसन्सचं, कॉलेजचं नाव कोण बघतंय!

म्हणून शीटमधला पगाराचा कॉलम मी बाजूला ठेवायला लावला. आधी बघायचं एव्हीएमएची, म्हणजे अमेरिकेतल्या प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेची मान्यता, कारण बहुतेक राज्यांत ती असलेल्या कोर्सशिवाय व्हीटीएनईला, म्हणजे लायसन्ससाठीच्या व्हेट टेकच्या राष्ट्रीय परीक्षेला बसणं अवघड जातं. मग व्हीटीएनईचा पास रेट. मान्यताप्राप्त कोर्सला तीन वर्षांचा रेट वेबसाइटवर टाकावाच लागतो, फक्त तो कधी कधी कुठल्या तरी कोपऱ्यात असतो, शोधावा लागतो. आम्ही तिथेच बसून शोधला, आणि त्या महागड्या कॉलेजपेक्षा घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजचा रेट चक्क बरा निघाला! आई दोन मिनिटं काहीच बोलली नाही.

खर्चाचं म्हणाल तर कम्युनिटी कॉलेजची वर्षाची फी देशभरात सरासरी चार हजार डॉलरच्या आसपास आहे, आणि पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी, परत न फेडायची सरकारी मदत, पूर्ण मिळाली तर ती वर्षाला ७,३९५ डॉलरपर्यंत जाते. यांचं उत्पन्न त्यात बसत नव्हतं, पण सरकारी लोनची मर्यादा पहिल्या वर्षी ५,५०० आणि दुसऱ्या वर्षी ६,५०० आहे, त्याच्या आत भागवा, प्रायव्हेट लोनच्या वाटेला जाऊच नका असं मी स्पष्ट सांगितलं. ऑनलाइन कोर्सही स्वस्त पडतात, पण प्रॅक्टिकलसाठी क्लिनिक बऱ्याचदा स्वतः शोधावं लागतं, ते नाही मिळालं तर गाडं तिथेच अडतं.

मुलगी तोवर गप्पच होती. तिला म्हटलं, एक अख्खा शनिवार इमर्जन्सी क्लिनिकमध्ये काढ, मग बोलू. परत आली तेव्हा हातावर मांजराचे ओरखडे, आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा टेकने त्याचं डोकं कसं धरून ठेवलं होतं तेच सांगत राहिली. खरं सांगू, हे काम बघूनही इच्छा टिकली तरच पुढचं सगळं.

पगार वाढवायचाच असेल तर तो कॉलेजनंतर वाढतो, म्हणजे इमर्जन्सी किंवा स्पेशालिटी हॉस्पिटल, युनिव्हर्सिटी, रिसर्च लॅब, नाहीतर अनुभवानंतर ॲनेस्थेशिया, डेंटिस्ट्रीसारख्या एखाद्या विषयातलं व्हीटीएस, म्हणजे स्पेशालिस्ट टेकचं सर्टिफिकेट.

जाताना आईने शेवटचा खडा टाकलाच, "मग पुढे व्हेट डॉक्टर होईल ना?" त्या वाटेला वेगळे सायन्स विषय लागतात, टेकचे बरेचसे क्रेडिट्स तिथे चालत नाहीत, हे मी सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, मला व्हायचंच नाहीये गं." सध्या तिचे कोर्सच्या प्रवेशाआधी करावे लागणारे विषय चालू आहेत, सीट्स कमी असतात म्हणून अर्ज दोन ठिकाणी टाकलाय, आणि एका क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून लागलीय, ते फीचा काही वाटा उचलतात का ते विचारायला सांगितलंय.