संकल्पना स्पष्ट करा: पहिल्यांदाच लिहितोयस तर एवढंच बघ

भावा टेन्शन घेऊ नकोस, समाजशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न आला की एका ओळीत व्याख्या, दोन-तीन ओळी स्पष्टीकरण आणि उदाहरण, बास. उदाहरणाशिवाय उत्तर म्हणजे कटाशिवाय मिसळ. समज 'सामाजिक गतिशीलता' आलं, तर माणूस किंवा गट एका सामाजिक स्थानावरनं दुसऱ्यावर जातो ते लिही आणि शाहू महाराजांचा १९०२ चा आदेश टाक, संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना, आपल्या कोल्हापूरचंच हाय की.

लई पोरं इथं चुकतात:
- प्रश्नातलाच शब्द फिरवून व्याख्या करतात (गतिशीलता म्हणजे गतिशील असणे!)
- दोन मार्काला पान भरतात, मी पण भरलेलं, मोठा प्रश्न राहिला

विचारवंतांची नावं आत्ता पाठ करत बसू नकोस, ते नंतर बघू.