ॲशफर्ड आणि सिम्पसन ही अमेरिकन गायक-गीतकार जोडी एकाच गाजलेल्या गाण्याची होती का? आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही त्यांनी गायलेलं 'सॉलिड' तेवढं ऐकलंय, म्हणून हा प्रश्न पडला असणार. पण 'सॉलिड' १९८४चं. तोवर या दोघांना गाणी लिहायला लागून वीस वर्षं झाली होती आणि त्यातली काही तुमच्या कानांवरून नक्की गेली आहेत, फक्त दुसऱ्यांच्या आवाजात.

निक ॲशफर्ड मिशिगनमध्ये वाढला आणि नर्तक व्हायचं म्हणून न्यूयॉर्कला आला. काम मिळेना, राहायला घर नाही. १९६४ साली हार्लेमच्या व्हाइट रॉक बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्याला व्हॅलरी सिम्पसन भेटली. ती ब्रॉन्क्सची, जेमतेम सतरा-अठराची, पियानोवर हात बसलेला. शब्द मुख्यतः त्याचे, चाल तिची. १९६६मध्ये रे चार्ल्सने त्यांचं 'लेट्स गो गेट स्टोन्ड' गायलं (लिहिण्यात जो आर्मस्टेडही होती), ते आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज, कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत) यादीत पहिलं आलं आणि मग मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने दोघांना घेतलं.

'एन्ट नो माउंटन हाय इनफ'चे शब्द निकला मॅनहॅटनच्या रस्त्यावर चालताना सुचले. हे शहर आपल्याला हरवू शकणार नाही, अशी त्याची जिद्द होती. ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डला ते गाणं हवं होतं, पण यांनी मोटाउनसाठी जपून ठेवलं. १९६७मध्ये मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांनी ते गायलं. टॅमीने आपला भाग एकटीने गायला होता, मार्विनचा आवाज नंतर चढवला, तरी ऐकताना दोघं समोरासमोर उभे आहेत असंच वाटतं. मला याचं श्रेय लिहिण्याला द्यावंसं वाटतं. आपल्या सवाल-जवाबात एकाने दुसऱ्याला अडवायचं असतं, इथे एकाची ओळ संपायच्या आत दुसरा ती उचलून पुढे नेतो. पियानोशेजारी बसून एकमेकांना ओळी गाऊन दाखवणाऱ्या माणसांनाच असं सुचतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टॅमी रंगमंचावर मार्विनच्या हातांत कोसळली. मेंदूत गाठ निघाली. १९६८मध्ये निक-व्हॅलरीनेच लिहिलेलं मार्विन-टॅमीचं 'यू आर ऑल आय नीड टू गेट बाय' बाजारात आलं तेव्हा ती आजारीच होती, आणि १९७०च्या मार्चमध्ये गेली. वय २४. ते गाणं मी कधीही मागे चालू ठेवून काम करू शकलेलो नाही.

त्याच १९७०मध्ये 'माउंटन' निक-व्हॅलरीने गायिका डायना रॉससाठी नव्याने बांधलं, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यांत धाडसी काम हेच. आपल्याला मुखडा आधी ऐकायची सवय. इथे सहा मिनिटांच्या गाण्यात डायना आधी बोलते, मागे कोरस नुसते आलाप घेत राहतो, आणि ध्रुवपद शेवटाकडे येतं. तोवर इतकं साठलेलं असतं की ते आलं की अंगावर काटा येतो. मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी यांना ही रचना पटत नव्हती. रेडिओवाले मात्र आपल्या परीने कापून ते वाजवू लागले, आणि छोटी आवृत्ती निघाली ती थेट पहिल्या क्रमांकावर गेली.

स्वतः गायचं होतं म्हणून निक-व्हॅलरीने १९७३मध्ये मोटाउन सोडलं, १९७४मध्ये लग्न केलं. मग आला डिस्कोचा काळ. सोल (चर्चच्या गायकीतून आलेलं अमेरिकन संगीत) लिहिणारे कित्येक तिथे अडखळले. हे दोघं नाहीत, कारण नाचायच्या ठेक्यावरही त्यांची गाणी चर्चमधल्यासारखी चढत जातात. त्यांनी लिहिलेलं, चाका खानने गायलेलं 'आय ॲम एव्हरी वुमन' १९७८चं, डायनाचं 'द बॉस' १९७९चं, त्यांचं स्वतःचं 'फाउंड अ क्यूअर'ही त्याच वर्षीचं.

१९८५च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत फिलाडेल्फियात त्यांनी गायक टेडी पेंडरग्रासला सोबत आणलं. तीन वर्षांपूर्वीच्या मोटार अपघातानंतर चाकांच्या खुर्चीत असलेला टेडी पहिल्यांदाच लोकांसमोर गात होता. गाणं या दोघांचंच, 'रीच आउट अँड टच'. ते चित्रण जरूर शोधून बघा.

निक २०११मध्ये घशाच्या कर्करोगाने गेला. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसचं २००७चं 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन' ऐकलंय? त्याखाली 'माउंटन'चेच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आहेत, आणि श्रेयात या दोघांची नावं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: मार्विन-टॅमीचं 'माउंटन' आणि लगेच त्यामागे डायनाचं ऐका, पण सहा मिनिटांचंच. मग चाका खान. 'सॉलिड' त्यानंतर पुन्हा लावा आणि या वेळी कोण कोणाची ओळ उचलतंय तिकडे कान द्या.