पॅलिएटिव्ह वॉर्डात नवीन आहेस, तर आधी एवढंच

घाबरू नकोस, गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या या वॉर्डात पहिल्या महिन्यात सगळं यायची गरज नाही. आधी पेशंटशेजारी खुर्ची ओढून बसायला शीक. उभ्या उभ्या विचारलंस तर "बरं आहे सिस्टर" एवढंच ऐकू येतं. बसलीस की कर्जाची, मुलीच्या लग्नाची काळजी बाहेर येते. आधुनिक हॉस्पिस चळवळ (शेवटच्या काळातल्या पेशंटची काळजी) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी शरीराच्या दुखण्यासोबतच्या अशा सगळ्या त्रासालाच 'समग्र वेदना' म्हटलं. ती नुसत्या गोळीने जात नाही.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- मॉर्फिनला घाबरणं. डॉक्टरांनी लिहिलेली साधी (लगेच असर करणारी) गोळी घड्याळाप्रमाणे दर ४ तासांनी दे, दुखेपर्यंत थांबू नकोस. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. नसेल लिहिलं तर विचार.
- शेवटच्या दिवसांत घशातली घरघर ऐकून लगेच सक्शन (नळीने घशातला स्राव ओढणं) लावणं. आधी कुशीवर वळव.
- घरच्यांच्या आग्रहाखातर भरवणं. ठसका लागतो. त्यापेक्षा ओठ ओले कसे ठेवायचे ते त्यांना दाखव.

"आजार किती गंभीर आहे ते त्यांना सांगू नका" असं घरचे पेशंटबद्दल म्हणतीलच. वाद घालू नकोस, ते प्रेमापोटी बोलतात. पेशंटला काय ठाऊक आहे ते हळूच विचार. बऱ्याचदा त्याला कळलेलं असतं.

सिरिंज पंप (औषध हळूहळू सोडणारं यंत्र), डोसचं गणित नंतर बघू. मुंबईत असशील तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस, १९८६ पासूनचं, परवानगी काढून एकदा पाहून ये.