बोल्टही आहे आणि इपॉक्सीही, मग तडा का जातो?

तुम्ही विचारलंय: ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये इपॉक्सी (वाळून कडक होणारा गोंद) लावून वर बोल्टही मारले, म्हणजे जोड दुप्पट मजबूत व्हायला हवा, तरी वर्षभरात भोकापाशी तडा कसा गेला?

ताकदीची अशी बेरीज होत नाही. इपॉक्सीचा थर ताठ असतो आणि बोल्टला भोकात थोडी तरी मोकळीक असते. त्यामुळे सुरुवातीला बहुतेक भार इपॉक्सीच उचलते. ती सुटली की तोच भार बोल्टांवर येतो, आणि बाहेरून काही कळतही नाही.

२८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत २४,००० फुटांवर उडालं, ते असंच. पत्रे इपॉक्सीने चिकटवून वर रिव्हेट मारलेले होते. ओलावा आणि गंजाने चिकटवण सुटलं. रिव्हेटचं डोकं बसवायला पत्र्यात केलेली खाच इतकी खोल होती, की जेमतेम मिलिमीटरभर पत्र्यात भोकाची कड सुरीच्या धारेसारखी झाली होती. उड्डाणागणिक केबिन फुगायची आणि बसायची, असं ८९ हजारांहून जास्त वेळा. ओळीतल्या भोकाभोकाला बारीक तडे गेले आणि एकमेकांना मिळाले. एक हवाईसेविका गेली. विमानात चढताना एका प्रवाशाला तडा दिसला होता, पण तो कुणाला सांगितला गेला नाही. हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

मी खडीक्रशरच्या चाळण्यांची देखभाल करतो. तिथे बोल्ट तुटतो तो बहुतेकदा नटात शिरणाऱ्या पहिल्याच आट्यापाशी. तुटलेलं तोंड एका बाजूने गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या. उरलेला भाग खडबडीत, तो शेवटच्या झटक्यात तुटलेला. माल खराब नसतो, बोल्ट ढिला पडलेला असतो. नीट आवळलेला बोल्ट पत्रे इतके दाबून धरतो की भार घर्षणातूनच पलीकडे जातो, भोकाच्या कडेला फारसं सोसावं लागत नाही. मध्ये रंगाचा जाड थर राहिला तर तो दबत जातो आणि बोल्ट सैल होतो.

नवा जोड करताना इपॉक्सी नाहीच असं धरून बोल्टांचा हिशोब करा, भोकाची बर (भोक पाडताना कडेला राहिलेले धारदार कंगोरे) काढा, टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) आवळा. आत्ताच्या जोडाचे वायसर काढून बघा. काळपट भुकटी दिसली तर पत्रे एकमेकांवर घासतायत. डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून बारीक तडे शोधायची चाचणी) करून घ्या, आणि तडा गेलेल्या भोकाचीच नको, त्या ओळीतल्या प्रत्येक भोकाची.