व्हॉयेजर यानांच्या कच्च्या फोटोतले पिक्सेलचे आकडे थेट तेजस्विता म्हणून वापरता येतील का?

नाही, आधी रेडिओमेट्रिक कॅलिब्रेशन (आकडे खऱ्या प्रकाशाच्या मापात बदलणं) हवंच. व्हॉयेजरचे कॅमेरे सीसीडीचे (डिजिटल सेन्सर-चिपचे) नव्हेत, व्हिडिकॉन नळीचे (जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांसारखे): 800 × 800 पिक्सेल, आकडे 0 ते 255. नळी सगळीकडे सारखी संवेदनशील नसते, त्यामुळे मधला 120 आणि कोपऱ्यातला 120 म्हणजे तेवढाच प्रकाश असं धरता येत नाही. शिवाय प्रकाश दुप्पट झाला म्हणून आकडा नेमका दुप्पट होतो असंही नाही. म्हणून आधी डार्क फ्रेम, म्हणजे प्रकाश न पडू देता घेतलेली प्रतिमा, वजा करतात (काळ्या आकाशालाही शून्य येत नाही!), मग वेगवेगळ्या एक्स्पोजरला एकसारख्या प्रकाशात घेतलेल्या चाचणी-प्रतिमांवरून प्रत्येक पिक्सेलचा प्रतिसाद दुरुस्त करतात. हा उद्योग स्वतः करत बसू नका. नासाच्या पीडीएस या ग्रहविज्ञानाच्या माहिती-संग्रहात गुरू ते नेपच्यूनच्या फोटोंच्या ‘कॅलिब’ फाइल तयार आहेत; त्यातल्या आकड्याला 10,000 ने भागलं की आय/एफ, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या तुलनेतली परावर्तित तेजस्विता मिळते. मात्र कच्च्या फोटोत 255 ला टेकलेले पिक्सेल मोजमापातून वगळा, तिथली माहिती कायमची गेलेली असते. रेझो खुणांच्या (मापासाठी नळीवरच केलेल्या खुणांच्या) काळ्या ठिपक्यांच्या जागाही वगळा. ‘कॅलिब’ फाइलमध्ये त्या शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरलेल्या आहेत.