इआइदोत म्हातारे जपानी गृहस्थ सावकाश तलवार काढतात आणि परत म्यानात घालतात. यात एवढं भारावून जाण्यासारखं काय आहे?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की व्हिडिओत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ गुडघे मोडून बसतात, तलवार काढतात, समोर कोणी नसताना दोन वार करतात आणि मग इतक्या सावकाश ती म्यानात घालतात की तुम्ही तेवढा भाग पुढे ढकललात. खाली लोक नुसते हात जोडतायत. तर यात कौतुक कसलं, हा तुमचा प्रश्न. आणि जाता जाता विचारलंय, बेचाळिसाव्या वर्षी हे शिकता येईल का.

पंचाईत अशी झाली, की तुम्ही जो भाग पुढे ढकललात तोच बघायचा होता.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. नोकरीनिमित्त सात वर्षं जपानमधल्या कावासाकीत होतो. शनिवारी संध्याकाळी पालिकेच्या व्यायामशाळेत आमचा इआइदोचा, म्हणजे तलवार उपसण्याच्या विद्येचा, वर्ग भरायचा. शेजारच्या हॉलमध्ये टेबल टेनिस, इकडे आम्ही पंधराजण तलवारी घेऊन. दुसऱ्या दानपर्यंत पोचलो, तेही एकदा नापास होऊन. (हे दान म्हणजे दानधर्मातलं नव्हे, श्रेणी.) म्हणजे मी तज्ज्ञ नाही, सात वर्षं चुका केलेला माणूस आहे.

'इ' म्हणजे असणं, 'आइ' म्हणजे जुळणं. जिथे आहात, जसे आहात, तिथूनच समोरच्या प्रसंगाला भिडायचं, असा काहीसा अर्थ. केंदोमध्ये, म्हणजे जपानी तलवारबाजीत, तलवार आधीच हातात असते आणि समोर चिलखत घातलेला माणूस असतो. इथे तलवार म्यानात आणि समोर कोणीच नाही. जो काही खेळ आहे तो तलवार म्यानातून बाहेर येता येताच संपवायचा. आपल्याकडे तलवार कमरेला लटकलेली असते. कताना ही जपानी तलवार मात्र ओबीत, म्हणजे कमरपट्ट्यात, खोचलेली असते आणि तिची धार वरच्या बाजूला असते. त्यामुळे उपसणं आणि वार करणं या दोन क्रिया राहतच नाहीत, एकच होते.

अखिल जपान केंदो महासंघाने ठरवून दिलेल्या बारा कातांमधला (काता म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम) पहिला काता 'माए', म्हणजे 'समोर'. बहुतेक तुम्ही तोच बघितला असणार. बैठक आपल्या वज्रासनासारखी. समोर तसाच एकजण बसलाय आणि त्याच्या मनात घात आहे हे तुम्हाला जाणवतं. तो हलायच्या आत तुम्ही उजवं पाऊल पुढे टाकून त्याच्या कानशिलावर आडवा वार करता, तलवार डोक्यावर नेऊन सरळ खाली दुसरा वार, मग पात्यावरचं रक्त झटकायचं आणि तलवार म्यानात. नुकित्सुके, किरिओरोशि, चिबुरि, नोतो. एवढंच. मी सात वर्षांत हा काता किती हजार वेळा केला असेल याचा हिशेब नाही, आणि मनासारखा झाला असं म्हणावं तर तीन-चारदा.

का होत नाही ते सांगतो. नवशिक्याला वाटतं, तलवार उजव्या हाताने काढायची असते. आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलणं अगदी कमी. पहिली दोन वर्षं त्यांनी मला एकच शब्द ऐकवला: 'हिदारिते', डावा हात. मी काही विचारलं तरी उत्तर तेच. कतानाचं पातं सत्तर सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि माणसाचा उजवा हात काही तेवढा पुढे जात नाही. म्हणून उजव्या हाताने तलवार पुढे येते त्याच वेळी डाव्या हाताने म्यान मागे ओढायचं असतं, अगदी पाठीच्या कण्याकडे. याला सायाबिकि म्हणतात. म्यान मागे गेलं नाही तर टोक आत अडकतं, मग माणूस उजव्या खांद्याने हिसका देतो, आणि तो हिसका मागच्या बाकावर बसलेल्यालाही दिसतो.

त्याच्याही आधी एक बारीक काम असतं. म्यानाच्या तोंडाला कोइगुचि म्हणतात, कोइ माशाचं तोंड. आपल्याकडच्या म्यानाला तिथे मोहनाळ असते. त्या तोंडात पात्याच्या मुळाशी असलेली धातूची पट्टी घट्ट बसलेली असते, म्हणून तलवार आपोआप निसटत नाही. डाव्या अंगठ्याने तलवारीची चकती किंचित पुढे रेटून ती पकड सोडवायची. जाणकाराच्या हातून हे होतं तेव्हा काही दिसत नाही. माझ्या हातून व्हायचं तेव्हा 'टक्' असा आवाज यायचा. सेन्सेई म्हणाले, "आता तो पळून गेला." तो म्हणजे समोर बसलेला, कल्पनेतला शत्रू. सातेक शब्दांपलीकडे ते बोलायचे नाहीत, त्यामुळे हे लक्षात राहिलं.

म्यान होनोकि नावाच्या मऊ लाकडाचं असतं. पातं बाहेर येताना धार त्या लाकडाला लागता कामा नये. लागली तर आतून भुसा निघतो, आणि खरी धारदार तलवार असेल तर म्यान चिरून ती डाव्या हाताची बोटंही घेऊन जाऊ शकते. शिकणारे म्हणूनच इआइतो वापरतात. ती जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, बिनधारेची. टोक मात्र टोकच असतं. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याजवळ अजून एक पांढरा ठिपका आहे, तो इआइतोचाच प्रसाद. (खऱ्या तलवारीबाबतचा जपानी कायदा मला फार गमतीचा वाटतो. नोंदणी माणसाची होत नाही, तलवारीची होते, आणि तो कागद जन्मभर तलवारीसोबत राहतो. मालक येतात नि जातात.)

आता तुम्ही पुढे ढकललेला भाग. नोतो. तलवार म्यानात घालताना तिच्याकडे बघायचं नाही. डाव्या मुठीत म्यानाचं तोंड धरायचं, अंगठा आणि तर्जनीमधल्या खोबणीत पात्याची बोथट पाठ टेकवायची, आणि उजव्या हाताने पातं बाजूला सरकवत न्यायचं. पाठ त्या खोबणीवरून सरकत सरकत टोकापर्यंत येते आणि टोक आपोआप त्या फटीत पडतं. मग तलवार आत ढकलायची नाही, म्यान पुढे आणून तिला गिळू द्यायचं. माझी आजी टीव्हीवरची मालिका बघत वाती वळायची. बोटांकडे तिने कधी बघितल्याचं मला आठवत नाही. हे तसंच आहे, फक्त कापसाच्या जागी हातभर पोलाद.

आणि सावकाश का? कारण समोर पडलेला माणूस अजून मेला आहे याची खात्री नाही. तलवार आत जात असते, पण लक्ष त्याच्यावर असतं. याला झान्शिन म्हणतात, मन मागे रेंगाळत ठेवणं. नवशिक्या शेवटच्या वाराबरोबर मनातून घरी गेलेला असतो. त्याचं नोतो म्हणजे आवराआवर. मुरलेल्या माणसाच्या नोतोत तुम्हाला तो पडलेला माणूस दिसायला लागतो. खरंच दिसतो, अध्यात्म सांगत नाहीये. नजर कुठे आहे ते बघा. सुरुवातीला ती समोरच्याच्या डोळ्यांत रुतलेली नसते, लांबच्या डोंगराकडे बघावं तशी सगळ्याच्या आरपार असते. तिला नावही तसंच आहे, 'एन्झान नो मेत्सुके', दूरच्या डोंगराची नजर. दुसऱ्या वारानंतर ती खाली उतरते आणि जमिनीवर एका ठिकाणी थांबते. त्या ठिकाणी तो पडलाय. आमच्या सेन्सेईंच्या बाबतीत ती जागा मी फरशीवर बोट ठेवून दाखवू शकलो असतो. मी स्वतः करताना माझी नजर घड्याळाकडे.

ही विद्या आली कुठून, तर परंपरा सोळाव्या शतकातल्या हायाशिझाकी जिन्सुके शिगेनोबु यांचं नाव घेते. उत्तरेकडच्या 'देवा' नावाच्या प्रांतातला माणूस. आख्यायिका अशी की वडिलांचा खून झाला, पोराने देवळात अनुष्ठान केलं, तलवार उपसण्याचं गुपित त्याला तिथे उमगलं आणि त्याने सूड घेतला. यामागाता प्रांतातल्या मुरायामा गावी त्यांचं देऊळ आहे, इआइ करणारे आजही तिथे जाऊन काता अर्पण करतात. पुढे ही विद्या तोसा संस्थानात, म्हणजे आजच्या कोचीत, टिकून राहिली. १८७६ साली सरकारने कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली. त्यानंतर उपसायला तलवारच नाही, तरी ओए मासामिचि यांच्यासारख्यांनी ती शिकवायची सोडली नाही, आणि नाकायामा हाकुदो यांनी ती तोक्योत रुजवली. दुसरं महायुद्ध हरल्यावर पुन्हा सगळं बंद पडलं. महासंघाची स्थापना १९५२ सालची. त्याने १९६९ साली सात काता ठरवून दिले, १९८० साली तीन वाढवले, २००० साली आणखी दोन. सगळ्या घराण्यांना निदान एकमेकांचं बघता यावं म्हणून ही सोय. घराण्यांचे जुने काता वेगळेच, आणि त्यांवरून होणारे वाद आपल्याकडच्या गायकांच्या वादांपेक्षा काही कमी नाहीत.

एका मिनिटात किती वार, उडती गोळी मधोमध कापली, असले व्हिडिओही तुम्हाला दिसले असतील. तेही कौशल्यच, नाही कसं म्हणू. पण इआइतला वेग वेगळा असतो. जो-हा-क्यू म्हणतात: सुरुवात संथ, मग वाढत जायचं, टोक म्यानातून सुटताना सर्वात वेगवान. पहिल्यापासून झडप घातली तर समोरचाही झडप घालणार. संथ सुरुवातीत त्याला माघार घ्यायला जागा असते. 'साया नो उचि नो काचि' असा एक शब्दप्रयोग त्या मंडळींत कायम ऐकू येतो, म्यानातच मिळालेला विजय. तलवार बाहेर काढावी लागली म्हणजे अर्धा डाव गेलाच. तलवारीची विद्या शिकवणाऱ्यांनीच हे म्हणावं याचं मला सुरुवातीला हसू यायचं.

कौतुक म्हणजे काय ते मला कळलं क्योतोत. मे महिन्याच्या सुरुवातीला हेइआन देवळाजवळच्या जुन्या बुतोकुदेनमध्ये, म्हणजे युद्धकलांच्या सभागृहात, दर वर्षी मोठे मोठे लोक प्रात्यक्षिकं करतात. ही लाकडी वास्तू १८९९ सालची, जमीन इतकी गुळगुळीत की आरसा. सेन्सेई आम्हा तिघांना घेऊन गेले होते. आठव्या दानाचे एक आजोबा आले, चालताना पाय किंचित ओढत होते. गुडघे गेले असावेत, कारण सगळे काता उभ्यानेच केले. तिसऱ्या कातात नोतो करताना टोक म्यानाच्या तोंडात पडलं नाही, चुकून बाहेरच्या कडेवर टेकलं. मला स्पष्ट दिसलं. मी असतो तर खाली बघितलं असतं, कान लाल झाले असते आणि उरलेला काता कसाबसा उरकला असता. त्यांनी काही केलं नाही. म्हणजे खरंच काही नाही. नजर समोर पडलेल्या माणसावर तशीच, श्वास तसाच, पातं बोटभर मागे आलं, परत गेलं आणि या वेळी आत पडलं. जणू पडलेला माणूस जरा हलला, म्हणून ते क्षणभर थांबले होते. परतीच्या गाडीत मी सेन्सेईंना म्हटलं, त्यांचं चुकलं ना? ते म्हणाले, "चुकलं." मग वाटेत ओडावारा गावाच्या आसपास कधीतरी, "तो मात्र उठला नाही."

तेव्हा पुढच्या वेळी व्हिडिओ बघताना उजव्या हाताकडे बघूच नका. डावा हात आणि डोळे, एवढंच बघा. आणि आवाज बंद ठेवा. पात्याला खोबण असेल तर ते हवेत शीळ घालतं, नि त्या शिळेवर माणूस उगाच भाळतो.

राहिला वयाचा प्रश्न. आधी गुडघे डॉक्टरांना दाखवा, कारण तासभर त्या बैठकीत उठबस करायची आहे. पहिल्या दिवशी धारदार तर सोडाच, कुठलीच तलवार विकत घेऊ नका. वर्गात लाकडी मिळते, आणि तुमच्या उंचीला किती लांबीची लागेल ते शिकवणाऱ्याला ठरवू द्या. श्रेणींचं गणित असं: पहिल्या दाननंतर दुसऱ्यासाठी एक वर्ष, मग दोन, तीन, चार, पाच, सहा अशी थांबायची वर्षं वाढत जातात, आणि सातव्यानंतर आठव्यासाठी दहा. एकूण एकतीस, तेही एकदाही नापास न होता. आठव्या दानच्या परीक्षेला वयाची अट आहे, शेहेचाळीस. कमाल नाही, किमान. तुम्ही अजून त्या अटीत बसत नाही.