पुनर्विकास: सभासद, सल्लागार, बिल्डर आणि शेजारी

सोसायटीच्या पुनर्विकासाबद्दल आलेल्या पत्रांत कलमांपेक्षा माणसांविषयीचे प्रश्न जास्त आहेत. त्यांतल्या चार प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न: आमची ठाण्यात ४८ सभासदांची सोसायटी आहे. बहुमत पुनर्विकासाच्या बाजूने आहे, पण सहा जण कशालाच तयार नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडणं होतात. बहुमत असताना या सहांची मनधरणी करत बसायचं का? – सेक्रेटरी

त्यांच्याशी बोलावं लागेलच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सभेसाठी दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती आणि निर्णयासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती सांगितली आहे. तुमच्या सोसायटीत हा आकडा ३२ जणांची हजेरी आणि २५ जणांची संमती असा येतो. सभेत तुम्ही सहज पार व्हाल. खरी अडचण घरं रिकामी करताना येते. एका घराला कुलूप राहिलं तरी पाडकाम थांबतं. कोर्टाचा आदेश मिळेपर्यंत बाकीचे ४७ जण भाड्याच्या घरात अडकून पडतात.

मुळात ‘ते सहा जण’ असा एक गट धरणं हीच पहिली चूक. एकाचं कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ) यादीत कमी लागलेलं असतं. एकाचा फ्लॅट अजून वडिलांच्या नावावर असतो, वारसनोंद झालेली नसते. एकाचं घर बँकेकडे तारण असतं आणि ते चारचौघांत सांगायचं नसतं. तळमजल्यावरच्या आजींना बाराव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर काय, ही धास्ती असते. यातल्या बहुतेक गोष्टींना विरोध म्हणताच येणार नाही. ती कमिटीची राहून गेलेली कामं आहेत.

प्रत्येक फ्लॅटचं एक पान करा: नावावर कोण, राहतं कोण, मोजलेलं कार्पेट, कर्ज, वारस, मुख्य काळजी, शेवटचं बोलणं कधी झालं. ही पानं फक्त कमिटीकडे राहू द्या, पण करा सगळ्या ४८ घरांची. आज गप्प असलेले होकारवालेही चाव्या देताना अडून बसू शकतात. घराची मोजणी सभासदासमोर करा आणि आकड्याखाली त्याची सही घ्या. कार्पेटचा वाद नंतर उकरला गेला की करारनामा महिनोन्महिने रखडतो.

भेटायला दोघांनी जावं, त्यातला एक कमिटीबाहेरचा, शक्यतो त्याच विंगचा. पहिल्या भेटीत संमतीपत्र नेऊ नका. आधी ऐका, लिहून घ्या आणि आठ दिवसांत लेखी उत्तर द्या. एखादी मागणी मान्य होणार नसेल तर तसं कारणासह लिहा. टांगून ठेवलेल्या माणसापेक्षा स्पष्ट नकार मिळालेल्या माणसाशी पुढे बोलणं सोपं जातं.

ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा, पाठवण्याचा अधिकार ॲडमिनकडे. प्रश्न ईमेलवर किंवा कार्यालयातल्या वहीत येऊ द्या, त्यांना क्रमांक द्या आणि दर शनिवारी सगळी उत्तरं सगळ्यांना एकदमच पाठवा. जिन्यात एकालाच काही सांगू नका. बहुतेक अफवा ‘मला चेअरमननी सांगितलं’ इथूनच सुरू होतात.

प्रश्न: आम्ही नेमलेला पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) बिल्डरचीच बाजू घेतो, असं सभासदांना वाटतं. काय करावं?

आधी त्याचे पैसे कोणत्या वाटेने जातात ते पाहा. सल्लागाराचं शुल्क बिल्डरकडून वसूल करण्याची पद्धत रूढ आहे आणि त्यात वावगं काही नाही. मात्र ती रक्कम सोसायटीच्या खात्यात यावी आणि सल्लागाराला चेक सोसायटीने द्यावा. टप्पे असे पाडा: व्यवहार्यता अहवाल, निविदा, करारनाम्याची नोंदणी, स्लॅब आणि शेवटी ओसी (भोगवटा प्रमाणपत्र). शेवटचे १५ ते २० टक्के ओसी मिळून दोषांची यादी निकाली निघेपर्यंत हातात ठेवा. बिल्डरबरोबरच्या प्रत्येक बैठकीला कमिटीचे दोघे असावेत.

इथे सल्लागाराचीही बाजू घ्यायला हवी. पाच जणांनी पाच सूचना दिल्या की तो बिचारा सोयीची तेवढी ऐकतो. कमिटीतून एकानेच, लेखी सूचना द्यावी. नकाशे मंजुरीला आले की सात दिवसांत उत्तर द्यावं. नकाशे कमिटीकडे पडून राहतात आणि उशिराचं खापर त्याच्यावर फुटतं, हे फार ठिकाणी घडतं.

प्रश्न: घरं रिकामी केल्यापासून बिल्डर फोन उचलत नाही. सभासद परस्पर साइटवर जाऊन सुपरवायझरशी वाद घालतात.

दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बैठक लावा. विषय तेच ठेवा: झालेलं काम, पुढच्या पंधरवड्याचं काम, अडलेल्या परवानग्या, भाडं. दोन दिवसांत इतिवृत्त ईमेलने पाठवा, त्यातला मजकूर आणि फोटो सगळ्या सभासदांनाही द्या. विक्रीच्या घरांसाठी प्रकल्पाची महारेराकडे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणी असते आणि बिल्डरला तिथे दर तिमाहीला माहिती अद्ययावत करावी लागते. ती तुमच्या इतिवृत्ताशी ताडून बघा.

सभासदांच्या तात्पुरत्या घरांच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक बिल्डरकडून आधीच घ्यायचे असतात, निदान ११ महिन्यांचे. चेक परत आला तर कोणी कोणाला किती दिवसांत कळवायचं, हे चांगल्या दिवसांतच लिहून ठेवा: आधी प्रकल्प व्यवस्थापक, मग भागीदार किंवा संचालक, मग वकिलाची नोटीस. २०१९ च्या त्याच शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीचीही तरतूद आहे. तुमच्या करारनाम्यात ती आहे का आणि तिची मुदत कधी संपते, हे आजच पाहा. मुदत उलटलेली गॅरंटी कामाची नसते.

साइटवरच्या वादांचं मूळ बहुधा घरातल्या बदलांत असतं. छतातल्या वायरिंगचे पाइप स्लॅब ओतण्यापूर्वीच पडतात, भिंतीतले पॉइंट प्लास्टरपूर्वी. संडास-बाथरूमची खोलगट स्लॅब एकदा ओतली की जागा हलत नाही. या तारखा बिल्डरकडून घेऊन तीन आठवडे आधी सगळ्यांना कळवा. बदल एकाच फॉर्मवर, सभासद आणि सल्लागार दोघांच्या सहीने जावा, जादा खर्चाचा आकडा त्यावरच असावा. सुपरवायझरला तोंडी सांगितलेलं काम झालं तरी वाद, नाही झालं तरी वाद.

प्रश्न: शेजारच्या सोसायटीला आधी कळवणं गरजेचं आहे का?

हो, पाडकामाच्या निदान पंधरा दिवस आधी. त्यांच्या इमारतीतल्या आत्ताच्या भेगांचे तारखेसह फोटो दोन्ही कमिट्यांसमोर काढून घ्या आणि एकेक प्रत ठेवा. पाइलिंग (पायासाठी जमिनीत खोल खांब घालणं) सुरू झालं की जुनी भेगसुद्धा नवी वाटते. धुळीचे पडदे, ट्रकच्या वेळा आणि तक्रारीसाठी साइटवरच्या एका माणसाचा नंबर त्यांना लेखी द्या. रात्री १० ते सकाळी ६ हा ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्रीचा काळ आहे, तेव्हा आवाजाची कामं त्या वेळात ठेवू नका.